लाकडाच्या लेथवरचा चार जबड्यांचा चक आणि नागपूरची हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तान्हा पोळा, म्हणजे मुलांनी लाकडी नंदीबैल मिरवण्याचा सण, जवळ आला की लकडगंजातल्या आरामशीनवर लाकडाचे लहान तुकडे मागणाऱ्यांची वर्दळ वाढते. नंदीला चाके लागतात, आणि ती लेथवर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवत कातायच्या यंत्रावर, केलेली असली की नंदी पोराच्या दोरीमागे सरळ धावतो. पूर्वी हे काम खरादीवाल्याकडे जायचे. आता टेबलावर मावणारे लेथ मशीन घरपोच मिळते आणि निवृत्त मंडळी, कॉलेजची मुले, फर्निचरचे सुतार ते घेऊ लागले आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र मशीनमागोमाग जो चक, म्हणजे फिरणारे लाकूड जबड्यांत पकडून ठेवणारा भाग, घेतला जातो, त्याच्या खरेदीत आणि वापरात काही चुका सर्रास होतात आणि त्या बोटावर, डोळ्यावर बेततात. म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिला घोटाळा नावाचाच आहे. ‘फोर जॉ चक’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक लोखंडकामाची. तिच्या चारही जबड्यांना स्वतंत्र स्क्रू असतो. एक जबडा आत घेतला तरी बाकीचे तीन जागचे हलत नाहीत. हिंगणा एमआयडीसीतल्या टर्निंग शॉपमध्ये वेडावाकडा कास्टिंगचा (ओतीव) तुकडा डायल (मापाचे घड्याळ) लावून केंद्रात आणायचा असेल तर त्याला तोड नाही, आणि आयटीआयच्या टर्नर ट्रेडमध्ये मुलांचा हात बसतो तो याच चकवर. दुसरी वस्तू लाकूडकामाची. या चकच्या पोटात एक चकती असते, तिच्या तोंडावर शंखासारखा गोल गोल फिरत गेलेला आटा असतो आणि जबड्यांचे दात त्यात बसतात. चावी फिरवली की चारही जबडे एकदम, सारखेच आत किंवा बाहेर सरकतात. केंद्र शोधावे लागत नाही.

लोखंडकामाच्या चकचे जबडे अरुंद, पायऱ्यापायऱ्यांचे आणि कडक. ते लाकडात रुततात, तंतू चिरडतात आणि पाच मिनिटांत पकड ढिली होते. शिवाय तो बिडाचा, जड. छोट्या मशीनच्या बेअरिंगवर त्याचा भार येतो, आणि बाहेर आलेले जबडे फिरताना दिसतही नाहीत. केंद्र सोडून काही कातायचे असेल तर संथ फेऱ्यांवर जाणकार माणूस तो लाकडालाही वापरतो. पण नवशिक्याचा पहिला चक तो नव्हे. तीन जबड्यांचाही नव्हे: त्यात चौकोनी लाकूड केंद्रात बसत नाही आणि गोल लाकूड तीनच ठिकाणी दाबले जाते.

योग्य चक घेतला तरी तो आपल्या मशीनवर चढेलच असे नाही. स्पिंडलच्या, म्हणजे चक ज्यावर चढतो त्या फिरत्या दांड्याच्या, आट्यांचे माप आधी पाहावे लागते. बाहेरून येणाऱ्या मध्यम आकाराच्या मशीनना बहुधा १ इंच व्यास आणि इंचाला ८ आटे असतात. युरोपीय धाटणीच्या मशीनना ३३ मिमी व्यास आणि दोन आट्यांत ३.५ मिमी अंतर. मधल्या मापासाठी अडॅप्टर मिळतो. आटे ‘जवळपास’ जुळून भागत नाही. चकची मागची बाजू स्पिंडलच्या खांद्याला पूर्ण टेकली पाहिजे. मध्ये एवढासा भुसा अडकला तरी चक डुलतो, आणि मग दोष लाकडाला दिला जातो. चक चढवण्याआधी आटे जुन्या टूथब्रशने साफ करावेत आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ वॉशर घालावा, म्हणजे काम झाल्यावर तो उतरवायला हातोडी घ्यावी लागत नाही.

जबडे साफसफाईसाठी काढले की परत बसवताना हमखास गोंधळ होतो. चारही जबड्यांवर १, २, ३, ४ असे अंक कोरलेले असतात, खाचांवरही असतात. आतली चकती फिरवत राहा. आट्याचे सुरुवातीचे टोक पहिल्या खाचेत डोकावू लागले की किंचित मागे घ्या, १ नंबरचा जबडा ढकला, मग पुढे फिरवून टोक दुसऱ्या खाचेत आले की २ नंबरचा. क्रम चुकला किंवा एखादा जबडा एक आटा मागे राहिला तर चारही जबडे मध्यावर एकत्र मिटत नाहीत. एकदा पूर्ण मिटवून पाहिले की लगेच कळते. आट्याला ग्रीस किंवा तेल मात्र लावू नये. लाकडाचा बारीक भुसा त्यात कालवला जाऊन पिठल्यासारखा घट्ट होतो आणि चावी फिरेनाशी होते. ब्रश मारून कोरडाच ठेवावा.

आता पकडीकडे येतो, कारण बहुतेकांचा समज असा की चावी जेवढी आवळू तेवढी पकड पक्की. तसे नसते. कारखान्यात चार जबडे हे एकाच गोल कड्याचे चार तुकडे म्हणून कापले जातात. त्यामुळे ते एकाच उघडझापीला पूर्ण वर्तुळ होतात: दोन जबड्यांमध्ये साधारण २ ते ३ मिमी फट राहील तेवढे उघडल्यावर. त्या मापाचा खुंट, म्हणजे चकमध्ये धरायला लाकडाला काढलेला गोल उंचवटा, आत आला तर जबड्याचा पूर्ण कमानीसारखा भाग लाकडाला भिडतो. खुंट त्याहून बराच जाड असेल तर जबड्यांचे फक्त कोपरे टेकतात, म्हणजे एकूण आठ जागा. याची परीक्षा सोपी आहे. चक सोडा आणि खुंटाकडे उजेडात बघा. सलग, फिकट दाबाची रेघ दिसली तर माप बरोबर. आठ दातांच्या खुणा दिसल्या तर तो तुकडा पकडीत नव्हता, नुसता चावलेला होता.

म्हणून दुकानातून चक आणल्यावर पहिले काम मोजण्याचे. जबड्यांत ३ मिमी फट ठेवून आतला व्यास व्हर्निअरने मोजा आणि तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. चकबरोबर येणारे नेहमीचे जबडे ५० मिमीच्या आसपास असतात, पण कंपनीगणिक माप बदलते. त्या आकड्यापेक्षा एखाद-दुसरा मिलिमीटर मोठा खुंट काढला की काम झाले.

खुंट म्हणजे वाडग्याच्या बुडाशी काढलेला बुटका गोल उंचवटा. इंग्रजी पुस्तकांत वाचून शिकलेले त्याला टेनन म्हणतात. त्याच्याविषयी तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. खुंटाची उंची जबड्याच्या खोलीपेक्षा २–३ मिमी कमी हवी. खुंट चकच्या तळाला टेकला तर खांदा जबड्यांवर बसत नाही, आणि मग सगळा तुकडा जबड्यांच्या चिमटीवर लोंबकळतो. खरा आधार खांद्याचा असतो. खुंटाभोवतीची सपाट जागा जबड्यांच्या तोंडावर चहूबाजूंनी चपखल टेकली की हत्याराचा झटका खांदा झेलतो; जबडे फक्त ओढून धरतात. दुसरे, खुंट आणि खांदा जिथे मिळतात तो कोपरा स्वच्छ, धारदार हवा. गोल पटाशीने खुंट काढला की तिथे थोडी गोलाई राहून जाते, जबडा तिच्यावर चढतो आणि अर्ध्या मिलिमीटरची फट राहते. ती फट डोळ्यांना दिसत नाही, कागदाची पट्टी सरकवली की कळते. कोपरा टोकदार पटाशीने आत मारून घ्यावा, खांदा मध्याकडे केसभर खोल ठेवावा म्हणजे त्याची बाहेरची कड आधी टेकते. तिसरे, जबड्याला आतून जो तिरका उतार दिलेला असतो, तोच उतार खुंटाला हवा: मुळाशी किंचित बारीक, टोकाशी रुंद. सरळ खुंट तिरक्या जबड्यात घातला तर पकड एका रेघेवर येते.

खुंटाचा व्यास वाडग्याच्या एक तृतीयांशाहून कमी नको. २५० मिमीच्या वाडग्याला ८५ ते १०० मिमीचा खुंट, म्हणजे मोठे जबडे. नेहमीच्या ५० मिमीच्या जबड्यांवर सुरुवातीला १५० मिमीच्या पुढे जाऊ नये, हे माझे ठाम मत आहे. उंची ८ ते १० मिमी पुरते. फुलदाणीसारखे उभे, खोल काम असेल तर १२ मिमी, कारण हत्यार जेवढे चकपासून लांब, तेवढी तरफ मोठी.

उलट पद्धतही आहे: बुडात खळगा करून जबडे आतून बाहेर फाकवायचे. ताटे, तबके, पोळपाट यांना ती बरी, बूड काढून टाकावे लागत नाही. खळगा ४–५ मिमी खोल आणि त्याच्या भोवती किमान २० मिमी लाकूड असावे. इथे चावी आवळताना हात आखडता घ्यावा. जबडे फाकतात तेव्हा ते पाचरीचेच काम करतात. ज्या लाकडाचे तंतू मशीनच्या अक्षाला समांतर आहेत, त्यात खळगा करूच नये. ते उभे चिरते, आणि बहुतेक वेळा आवळताना नाही, तर फिरताना चिरते.

इथवरचे जगात कुठेही लागू आहे. नागपूरकराला यापुढचे जास्त महत्त्वाचे, कारण आपल्याकडे लाकूड स्वस्थ बसत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते. श्रावणात तीच ८० टक्क्यांवर असते. पहिल्या हवेत लाकूड आपल्यातले पाणी साधारण ४–५ टक्क्यांपर्यंत सोडते, दुसऱ्या हवेत १५–१६ टक्क्यांपर्यंत शोषते. तंतूंच्या लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. म्हणजे वैशाखात काढलेला १०० मिमीचा गोल खुंट भर पावसाळ्यात एका दिशेने १०० च राहतो आणि आडव्या दिशेने एक-दोन मिलिमीटर फुगलेला असतो. साग या बाबतीत पुष्कळ गुणी, तरी तोही सुटत नाही. आंबा आणि बाभूळ तर बघता बघता अंडाकृती होतात. असा खुंट चकमध्ये घातला की दोनच जबडे काम करतात. म्हणून एका ऋतूत अर्धवट ठेवलेले काम दुसऱ्या ऋतूत थेट चकमध्ये चढवू नये. खुंट परत गोल करून घ्यावा.

हेच एका रात्रीतही घडते. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यात कातलेला तुकडा चकमध्ये तसाच ठेवून दार लावले, सकाळी कूलर बंद, खोली तापलेली. खुंट आक्रसतो आणि काल घट्ट असलेली पकड ढिली झालेली असते. सकाळी मशीन सुरू करण्याआधी चावी लावून बघायची सवय हवी. दिवसाही तुकडा चढवल्यावर दोन-तीन मिनिटे फिरवून, थांबवून, पुन्हा आवळावा, कारण दाबाखाली तंतू बसतात. चकला चावीची दोन छिद्रे असतील तर दोन्हीकडून.

ओले लाकूड कातणाऱ्यांची आपल्याकडे मोठी सोय आहे. काटोल, नरखेडकडे संत्र्याच्या जुन्या बागा तोडल्या जातात तेव्हा ते लाकूड सरपणात जाते, याचे फार वाईट वाटते. संत्र्याचे लाकूड घट्ट, बारीक पोताचे, फिकट पिवळे. कुंकवाच्या करंड्याला हळदूच्या (हेदूच्या झाडाच्या) लाकडाखालोखाल मी तेच निवडीन. पण ते तडकते लवकर. तोडल्या दिवशीच दोन्ही तोंडांना मेण किंवा फेविकॉलचा जाड थर द्यावा आणि मधला गाभा कापून टाकावा. गाभा ठेवून कातलेला तुकडा तडकणार हे धरून चालावे. ओला वाडगा आधी जाड कातावा: व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी भिंत, म्हणजे २०० मिमीला २० मिमी. मग त्याच्याच कुरळ्या भुशात, कागदी पिशवीत, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात काही महिने ठेवावा. बुडावरची टेलस्टॉकच्या (चकसमोरून लाकडाला टेकणाऱ्या आधाराच्या) टोकाची खूण पुसू नये. सुकल्यावर वाडगा फेसप्लेटवरच्या (स्पिंडलवर चढणाऱ्या सपाट चकतीवरच्या) लाकडी गोळ्यावर पालथा दाबून, टेलस्टॉकचे टोक त्याच खुणेत ठेवून, अंडाकृती झालेला खुंट पुन्हा गोल करता येतो. त्यासाठी तो सुरुवातीला ५–६ मिमी जास्तच ठेवायचा असतो. खूण गेली तर हे सगळे अंदाजपंचे होते.

सागाबद्दल आणखी एक. चंद्रपूरच्या ज्या सागाची २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी निवड झाली, त्याच जातीचे उरलेसुरले तुकडे आपल्या शहरात सहज मिळतात. पण सागात सिलिका असते आणि हत्याराची धार लवकर जाते. बोथट हत्यार दाबावे लागते, दाबले की अडकते, अडकले की झटका थेट खुंटावर येतो. खुंट तुटला की लोक चकला नावे ठेवतात. तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला तर तो तंतूंच्या रेषेत सोललेला असतो आणि वाडग्यात हत्याराची खोल खाच असते. दर दहा-पंधरा मिनिटांनी दगडावर धार लावणे हा चकच्या वापराचाच भाग समजावा.

वेगाचे गणित पाठ करण्यासारखे आहे. व्यास इंचांत घेऊन मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावा. उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान असावे. १० इंची वाडगा ६०० ते ९०० फेऱ्यांवर, तोही गोल झाल्यानंतर. ओबडधोबड असताना त्याहून कमी. २५० मिमी व्यासाचा, ८० मिमी जाड सागाचा ठोकळा अडीच किलोचा असतो. ८०० फेऱ्यांवर त्याची कड ताशी ३८ किलोमीटरने धावते, २००० फेऱ्यांवर ताशी ९४ ने, आणि तो सुटला तर मार सहापट. पूर्ण चेहरा झाकणारी काच हवी, नुसता चष्मा नव्हे, आणि मशीन सुरू करताना लाकडाच्या फिरण्याच्या रेषेतून बाजूला उभे राहावे. जमेल तितका वेळ टेलस्टॉक टेकवून ठेवावा. आतला भाग पोखरायला घेईपर्यंत तो काढण्याचे काहीच कारण नसते. जबडे चकच्या अंगाबाहेर आलेले असतील तर टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) लावून एक फेरी हाताने फिरवून बघावी.

आपल्याकडे उन्हाळ्यात प्रत्येकाच्या तोंडाला दुपट्टा असतो. लेथजवळ तो नको, ओढणी नको, हातमोजेही नकोत. चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, अर्ध्या क्षणासाठीही नाही. आणि अवकाळीच्या वाऱ्यात वीज गेली की आधी मशीनचा स्विच बंद करावा. चावी लावलेली असताना वीज परत आली तर काय होईल ते सांगायला नको. वीज गेल्यावर आपोआप बंद होऊन तसाच राहणारा स्विच मिळतो, तो बसवून घ्यावा.

आता नंदीच्या चाकांबद्दल, कारण सध्या घाई त्याचीच आहे. त्यासाठी खुंट, खळगा काहीच लागत नाही. बऱ्याच चकबरोबर मध्ये धरायचा जाड आट्यांचा एक स्क्रू येतो, त्याला बहुधा ८ मिमीचे भोक लागते. चाकाला मधोमध भोक हवेच असते. फळीतून, म्हणजे तंतू आडवे राहतील असे, १०० मिमीचे चार गोल कापा. ओंडक्याची आडवी चकती घेऊ नका, तिच्या तंतूंत स्क्रू धरत नाही आणि ती तडकतेही. ड्रिल मशीनवर सरळ ८ मिमी भोक पाडा. स्क्रू चाकाच्या जाडीपेक्षा लांब असतो, म्हणून मागे प्लायवूडची चकती घाला. चाक त्याच भोकाभोवती फिरत असल्याने ते डुलण्याचा प्रश्न येत नाही. १५०० फेऱ्यांवर कड कातून घ्या, तोंड साफ करा, चाक उलटवून दुसरी बाजू. चौथे चाक झाल्यावर चारही एका सळईत ओवून कडा जुळतात का पाहा आणि मगच भोक १० मिमीचे करा, म्हणजे आट्यांची खरखर निघून आस गुळगुळीत फिरतो.

लकडगंज आणि इतवारीतल्या दुकानदारांना विनंती आहे की ‘फोर जॉ चक’ एवढेच न लिहिता बिलावर लाकडाचा की लोखंडाचा, आट्याचे माप काय आणि जबडे किती मिलिमीटरला पूर्ण गोल होतात, हे लिहून द्यावे. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडच्या मुलांना लाकडाचा चक आणि सुतारकामाच्या मुलांना खुंट-खांद्याची पद्धत एका दुपारी दाखवता येईल. त्यासाठी एक चक, सागाचा हातभर तुकडा आणि व्हर्निअर पुरतो.

आपला नम्र,
एक खरादी कारागीर,
लकडगंज, नागपूर